चिठ्ठी निघाल्यानंतर

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तालुक्याच्या गावी निघते. सभागृहात गावोगावचे पॅनलप्रमुख, माजी सरपंच, वार्ताहर दाटीवाटीने बसलेले असतात. टेबलावर चिठ्ठ्यांची पारदर्शक बरणी असते आणि चिठ्ठी उचलायला शाळेतलं एखादं पोर आणलेलं असतं. ‘सर्वसाधारण स्त्री’ किंवा ‘नामाप्र (नागरिकांचा मागास प्रवर्ग) स्त्री’ असं वाचून झालं की त्या गावाची माणसं लगेच फोन लावतात, ‘आपल्याकडे लेडीज सुटलं.’ पुढचा प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो. गावाचा कारभार कोणत्या बाईला समजतो, हे कोणी विचारत नाही. कोणाच्या घरातली बाई उभी करायची, हे विचारलं जातं.

या पुस्तिकेचा विषय तिथून सुरू होतो. स्त्रियांच्या आरक्षणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. वॉर्ड कसा पाडायचा, एका वॉर्डातून किती सदस्य निवडायचे, सरपंच जनतेने निवडायचा की सदस्यांनी, जागा किती वर्षं राखीव ठेवायची, या प्रश्नांना मात्र आपण कार्यालयीन तपशील समजतो. माझ्या मते खरी गोम त्या तपशिलात आहे. आरक्षण बाईला आत आणतं. आत आल्यावर ती कोणाच्या बळावर उभी राहणार, किती काळ टिकणार आणि पुन्हा निवडून येऊ शकणार का, हे निवडणुकीची पद्धत ठरवते. पद्धत चुकीची असली तर निम्म्या जागा देऊनही सत्ता होती त्याच घरात राहते.

आधी आपल्याच मुलखाकडे पाहू. साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं गाव. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे आलं. निजामउल्मुल्काने इथे मुबारिझखानाचा पराभव केला, दख्खनेत आसफजाही घराण्याचा पाया घातला गेला आणि गावाला फत्तेखेर्डा असं नाव दिलं गेलं. तालुक्याचं गाव जिजाऊंचं माहेर. जिल्ह्याचं गाव ताराबाई शिंद्यांचं. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध करणाऱ्या ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तिथे सरकारी कचेरीत नोकरीला होते. ज्यांचं नाव घेताना माणसाचा ऊर भरून यावा अशा स्त्रिया या मातीत झाल्या, आणि दर १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेडराजात लोटणारी गर्दी तो अभिमान मनापासून दाखवते. तरीही बुलढाणा लोकसभा मतदारसंघातून आजवर एकही स्त्री निवडून गेलेली नाही. विधानसभेत चिखलीने वेगळी वाट दाखवली. रेखाताई खेडेकर तिथून १९९५, १९९९ आणि २००४ असं तीनदा जिंकल्या, श्वेता महाले २०१९ आणि २०२४ मध्ये. जागा खुली होती, आरक्षणाचा आधार नव्हता. श्वेताताई जिल्हा परिषदेतून पुढे आल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खालची पायरी उघडली की वरच्या पायरीवर दावा करणारी माणसं तयार होतात. पण संबंध राज्याचं चित्र पाहिलं तर २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या. त्याआधी २०१९ मध्ये २४ आल्या होत्या. ग्रामपंचायतींत निम्म्या आणि विधानसभेत शंभरात सात, हे अंतर समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

आरक्षण ही मंडल आयोगाच्या काळातली कल्पना, असं तरुण वाचकांना वाटतं. ते खरं नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी ४१ जागा राखून ठेवल्या होत्या, आणि आपण तेव्हा ज्यात होतो त्या मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या वाट्याला त्यातल्या तीन आल्या. १९३७ मध्ये त्या विधानसभेच्या उपसभापतिपदी नागपूरच्या अनसूयाबाई काळे बसल्या. त्या कायद्यात स्त्रीला मत मिळण्याचा एक मार्ग नवऱ्याच्या मालमत्तेतून जायचा: तो पात्र, म्हणून ती पात्र. आजही सरपंचबाईची ओळख नवऱ्याच्या नावावरून करून दिली जाते तेव्हा मला तो जुना कायदा आठवतो.

त्या काळातल्या मोठ्या महिला संघटनांनी राखीव जागांना विरोध केला होता, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. १९३१ मध्ये सरोजिनी नायडू आणि बेगम शाहनवाज यांनी मिळून, आम्हाला सवलत नको, समान मताधिकार हवा, अशी भूमिका मांडली. संविधान सभेत हंसा मेहता आणि रेणुका रे यांचा सूर तोच होता. त्यांचा विश्वास असा की प्रौढ मताधिकार आला की गुणांवर जागा मिळतील. त्या विश्वासाचा आदर वाटतो. पण पुढच्या पन्नास वर्षांनी तो खरा ठरवला नाही, कारण एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा असेल तर पक्ष सर्वांत ‘सुरक्षित’ माणूस शोधतो, आणि पैसा, जात, गोतावळा, रात्री-अपरात्री फिरण्याची मोकळीक या सगळ्या मापांनी तो पुरुषच निघतो. १९७४ मध्ये ‘समानतेकडे’ हा अहवाल देणाऱ्या समितीनेही विधिमंडळातल्या आरक्षणाला बहुमताने नकार दिला. मात्र वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी आपलं वेगळं मत नोंदवून ठेवलं.

गावपातळीवर मधला मार्ग निघाला, स्वीकृतीचा. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने दोन स्त्रिया पंचायतीत स्वीकृत कराव्यात असं सुचवलं. स्वीकृत म्हणजे निवडून आलेल्या पुरुषांनी निवडलेल्या. ज्यांनी निवडलं त्यांच्यासमोर बोलायचं कसं, हा पेच त्या व्यवस्थेतच होता. मराठी मुलखातल्या बायकांनी तो पेच स्वतः फोडला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं प्रचंड अधिवेशन झालं आणि स्थानिक निवडणुकांत पूर्ण स्त्रियांचे पॅनल उभे करायचं ठरलं. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा गावांत सगळ्या स्त्रिया असलेल्या पंचायती आल्या. विटनेरमध्ये लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. सातबाऱ्यावर नाव असलेली बाई आणि नसलेली बाई सभेत सारख्या आवाजात बोलत नाहीत. पंचायतीतल्या जागेबरोबर जमिनीचा प्रश्न घेणारी ती चळवळ म्हणूनच मला आजच्या अनेक प्रशिक्षण शिबिरांपेक्षा पुढची वाटते.

मग कायदे झपाट्याने आले. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि किमान एक तृतीयांश जागा व पदं देशभर स्त्रियांसाठी राखीव झाली. २०११ मध्ये महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला.

आता पद्धतीकडे येऊ. साडेसात हजारांच्या वर लोकवस्ती असलेल्या मोठ्या गावाच्या पंचायतीत १७ सदस्य असतात, त्यांत ९ स्त्रिया. प्रत्येक वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. याचा परिणाम मोठा आहे. वॉर्डातली एक जागा बाईसाठी गेली तरी दुसरी पुरुषाला मोकळी राहते, म्हणजे कोणाचं स्थान हिरावलं गेल्याची भावना कमी होते. पॅनलला बाई लागतेच, म्हणून पुरुष तिच्यासाठी घरोघर जातात. सासर-माहेरच्या गोतावळ्यापलीकडची मतं तिला पॅनलमुळे मिळतात. अर्थात याची किंमतही आहे. ती पॅनलची होऊन बसते, आणि पॅनलप्रमुखाने सांगितलं तिथे हात वर करणं हेच तिचं काम मानलं जातं.

जिल्हा परिषदेच्या गटात चित्र बदलतं. गटातून एकच सदस्य. गट राखीव झाला की तिथला पाच-दहा वर्षं तयारी करणारा कार्यकर्ता एका दिवसात बाहेर पडतो. तो काय करतो? जागा ‘सांभाळायला’ बायकोला, आईला, सुनेला देतो. पुढच्या सोडतीत गट खुला झाला की जागा परत घेतो. या माणसांना दोष देणं सोपं आहे. मला मात्र त्यांच्यापेक्षा पद्धत जास्त दोषी वाटते, कारण तिने पुरुषाला सांगितलं आहे की पाचच वर्षं थांब, आणि बाईला सांगितलं आहे की पाचच वर्षं आहेस.

कायदा एकच आणि पद्धत वेगळी असली की काय होतं, हे फ्रान्सने फार स्पष्ट दाखवलं. तिथे २००० साली स्त्री-पुरुष उमेदवार निम्मे-निम्मे असावेत असा कायदा झाला. २००१ च्या नगरपालिका निवडणुकीत, जिथे पक्ष उमेदवारांची यादी देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, त्या मोठ्या गावांत स्त्रिया ४७ टक्क्यांच्या आसपास पोचल्या. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सभेची निवडणूक झाली. तिथे एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा होता. मोठ्या पक्षांनी दंड भरला, जिंकण्यासारख्या जागा पुरुषांना दिल्या, आणि स्त्रियांचं प्रमाण १२ टक्क्यांवर अडकलं. देश तोच, कायदा तोच, मतदार तेच. नंतर त्यांनी जिल्हा पातळीवर जोडीची पद्धत आणली: प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष जोडीने उभे राहतात आणि जोडीनेच निवडून येतात. २०१५ पासून तिथल्या जिल्हा सभांमध्ये निम्म्या स्त्रिया आहेत. आपल्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डात या जोडीचं बीज आधीपासून आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

शेजारच्या नेपाळचा धडा वेगळा. २०१७ मध्ये तिथे नियम होता की महापौर आणि उपमहापौर या दोन पदांपैकी एकावर पक्षाने स्त्री उमेदवार द्यावी. पक्षांनी बहुतेक ठिकाणी उपमहापौरपद दिलं. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या करून एक पद तू लढव, एक मी लढवतो असं वाटून घेतलं, आणि दोन्ही पदं लढवणाऱ्या पक्षालाच लागू असलेला तो नियम अनेक ठिकाणी गळून पडला.

सरपंचाची थेट निवड हा आपल्याकडचा गुंतागुंतीचा भाग. २०१७ मध्ये ती आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. सदस्यांनी निवडलेल्या सरपंचबाईला सदस्यांच्या मर्जीवर राहावं लागे. सहलीला नेलेले सदस्य, फुटलेला एक गट, आणि अविश्वासाचा ठराव. थेट निवडलेली सरपंचबाई साऱ्या गावाची मतं घेऊन येते. तिला काढायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि नंतर ग्रामसभेची मान्यता. मी थेट निवडीच्या बाजूचा आहे, पण तिच्यातला धोका दिसतो. सरपंच एका पॅनलची आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं असं झालं की मासिक सभेत तिचा एकही विषय पुढे सरकत नाही, आणि गाव म्हणतं, ‘बाईला जमेना.’ पुरुष सरपंचाच्या बाबतीत हेच घडलं तर गाव त्याला राजकारण म्हणतं.

फिरत्या आरक्षणाबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहायचं आहे. पहिलं वर्ष कागद समजण्यात जातं. ग्रामनिधीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सह्या लागतात. आता ऑनलाइन देयकांसाठी डिजिटल सहीचं डोंगल असतं. ते डोंगल बाईच्या पर्समध्ये आहे की नवऱ्याच्या खिशात, यावरून त्या गावाचा कारभार कोण करतं ते कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अनेकजणी ते मागून घेतात. पंचायत समितीत एकट्या जाऊ लागतात, पाण्याच्या टाकीचं अंदाजपत्रक वाचू लागतात. पाचव्या वर्षी त्या खऱ्या अर्थाने सरपंच झालेल्या असतात, आणि नेमकी तेव्हा जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. कायद्याने खुल्या जागेवर त्या उभ्या राहू शकतात. व्यवहारात त्यांना सांगितलं जातं की तुमची पाळी झाली.

मुंबई महापालिकेने या बाबतीत देशाला पुरावा दिला आहे. १९९७ मध्ये काही प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये ते खुले झाले. रिखिल भवनानी या अभ्यासकाने त्या प्रभागांची तुलना आधी राखीव नसलेल्या प्रभागांशी केली. आधी राखीव असलेल्या प्रभागातून, आरक्षण उठल्यानंतरही, स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा निवडून आलेल्या बाया पुन्हा लढल्या, आणि पक्षांनाही कळलं की बाई जिंकते. एका फेरीने एवढं होत असेल तर तीच जागा सलग दोन फेऱ्या राखीव ठेवल्यावर काय होईल, हा प्रश्न आपण विचारायला हवा. तामिळनाडूने पंचायतींत दोन मुदतींनंतर फेरबदल करण्याची पद्धत घेतली होती. महाराष्ट्रात या सूचनेवर गंभीर चर्चा व्हावी असं मला वाटतं.

आरक्षणाने आलेल्या बाईला काय कामं सुचतात याचाही अभ्यास झाला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातल्या पंचायती पाहिल्या. प्रमुखपद स्त्रीकडे असलेल्या पंचायती गावातल्या बायका ज्याची मागणी करतात त्यावर जास्त खर्च करतात, असं त्यांना आढळलं, आणि पिण्याचं पाणी त्यात ठळक होतं. सिंदखेडराजा-मेहकर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरच्या मागे कोण धावतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

या पुस्तिकेतलं एक प्रकरण अपात्रतेवर आहे, आणि ते आधी वाचावं अशी माझी विनंती आहे. राखीव प्रवर्गातून जिंकलेल्या बाईला जातवैधता प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत द्यावं लागतं. जात वडिलांकडून सिद्ध होते. म्हणजे सासरच्या गावात निवडून आलेल्या बाईला माहेरी जाऊन वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, जुना खासरा, कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. भावाशी बिनसलेलं असेल तर ते कागद मिळत नाहीत आणि पद जातं. अतिक्रमणाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालानंतर नवऱ्याने किंवा सासऱ्याने सरकारी जागेवर बांधलेल्या घरात राहणं एवढ्या कारणाने सदस्यत्व जाऊ शकतं. घर तिने बांधलेलं नसतं, घर सोडून ती जाणार कुठे? तिसऱ्या अपत्याची अट आणखी कठोर. किती मुलं व्हावीत हे ठरवण्याची मुभा ज्या बाईला घरात नव्हती, तिला त्या निर्णयासाठी पद नाकारलं जातं. हे नियम पुरुषांनाही लागू आहेत, पण त्यांचा भार सारखा पडत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाई अशाच अतिक्रमणाच्या तक्रारीवरून पदावरून गेल्या होत्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं, आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना सहन झालं नाही असा स्पष्ट शेरा मारला. किती बायांना दिल्लीपर्यंत जाता येईल?

आणि निवडणूकच झाली नाही तर निम्म्या जागांचा अर्थ काय उरतो? ओबीसी आरक्षणाच्या वादात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या निवडणुका थांबल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या आपल्या जिल्हा परिषदेत प्रशासक आले आणि वर्षानुवर्षं राहिले. जिल्ह्यातल्या ज्या बायका त्या काळात जिल्हा परिषदेत शिकून विधानसभेच्या तयारीला लागल्या असत्या, त्यांची ती वर्षं कोरी गेली. चिखलीसारखं उदाहरण एका पिढीत एक-दोनदाच का घडतं, याचं एक कारण इथे आहे.

आता वरच्या पातळीचं आरक्षण दारात आहे. १०६व्या घटनादुरुस्तीला २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेने ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना, पंधरा वर्षांसाठी. राज्यसभा आणि विधान परिषद त्यातून बाहेर. अंमल त्या कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेला. महाराष्ट्राच्या २८८ जागा तशाच राहिल्या तर त्यातल्या ९६ स्त्रियांच्या होतील. मतदारसंघ मात्र एकसदस्यीय राहणार आहेत. म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटात गेली तीस वर्षं जे घडत आलं, जागा घरातल्या बाईकडे ‘सांभाळायला’ जाण्याचा तो प्रकार, मोठ्या आकारात होऊ शकतो. एक फरक आशेचा आहे. घटनादुरुस्तीप्रमाणे राखीव जागांची फिरती दर निवडणुकीला नाही, दर फेररचनेनंतर व्हायची आहे, आणि तिचा तपशील संसदेने कायद्याने ठरवायचा आहे. जागा दोन-तीन निवडणुका राखीव राहिली तर त्या मतदारसंघात बाया एकमेकींविरुद्ध लढतील, हरतील, पुन्हा लढतील, आणि नवऱ्याच्या परवानगीने उभी राहिलेली बाई दुसऱ्या निवडणुकीत स्वतःच्या कामावर मतं मागताना दिसेल. तो तपशील ठरवताना ज्यांनी पाच वर्षं डोंगल स्वतःकडे ठेवून गाव चालवलं, त्या सरपंचबायांची साक्ष घेतली जावी. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. या विषयाचे ठराव तिथे मांडून ते वर पाठवता येतील. कसे मांडायचे, याचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे.